हिरव्या गाडीची कुरकुर

२ एप्रिल, शनिवार

नवऱ्याच्या थेरपीवाल्या पोरीने मला सांगितलं, मनात येईल ते लिहीत जा, मोकळं वाटतं. बरं. मनात येतं ते हे, की त्या हिरव्या गाडीला काडी लावून द्यावी.

आठवडाभर पाऊस झाला, हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ धुऊन गेलं, म्हणून गाडी बाहेर काढली. दर वर्षी हे काम नवऱ्याचं, एमरीचं असायचं. मीठ जाईपर्यंत तिला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. पण ऑक्टोबरात त्याचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि तेव्हापासून तो खुर्चीत. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई मी, दोन माणसांच्या त्या खेळण्यात बसताना गुडघे नाकाला लागतात. गॅरेजच्या उतारावरून खाली घेतली मात्र, पुढच्या चाकांतून कुईं कुईं सुरू. जुन्या लोखंडी खाटेवर कुणी सारखी कूस बदलतंय जणू.

वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत एमरी. तोंड वेडंवाकडं झालेलं, डोळ्यांत पाणी, आणि डाव्या हाताने चौकट बडवतोय. हा माणूस दाराची बिजागरी वाजली तर ताटावरून उठून तेल घालायला जायचा. त्याला ते ऐकवेना.

डीनला फोन केला. आमचा मुलगा, कोलंबसला असतो. म्हणाला, "आई, डॉक्टर काय म्हणाले विसरलीस का? बाबांना नुसता आवाजाचा त्रास होतो. त्याचा अर्थ लागत नाही. कुत्रं भुंकलं तरी ते असंच करतील."

असेल. शिकलेला आहे तो.

तर ठरवलंय. आजारी म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या होममध्ये आम्ही जानेवारीतच नाव घातलंय. मला हर्निया आहे, त्याला उचलताना माझ्या पोटात कळ येते. जागा झाली की फोन येणार. तो येण्याआधी या माणसाला त्याच्या गाडीतून सरोवराकाठच्या रस्त्याने एकदा फिरवून आणायचं. आणि गाडीने तोंडातून ब्र काढता कामा नये. एवढंच. बाकी माझ्या हातात काय आहे?

५ एप्रिल, मंगळवार

शेजारचा ऑर्विल येऊन पाहून गेला. एमरीचा जुना मित्र. जन्म ट्रॅक्टर खोलण्यात गेला, त्यामुळे विमानसुद्धा आपल्याला दुरुस्त करता येतं असा त्याचा समज आहे. चाकाशी वाकला, गाडी दोनदा दाबली, आणि म्हणाला, "लोरेटा, हिला तेल पाहिजे. तेल मिळालं की बाया गप्प बसतात."

"तुझी बायको तेल नाही म्हणून गेली होय?" मी म्हटलं.

हसला मेला. पुढच्या सांध्यांवर भसाभस तेल फवारलं. आवाज बंद! मी एमरीच्या खांद्यावर थाप मारली आणि सांगितलं, रविवारी जायचं रे. तो फवारणीच्या डब्याकडे डोळे वटारून बघत राहिला.

१० एप्रिल, रविवार

गेलो नाही. पुन्हा वाजतेय, आणि आधीपेक्षा जास्त. ऑर्विल म्हणतो, तेलाने आतलं रबर फुगलं असणार. मग आधी का नाही सुचलं, विचारलं तर म्हणे, "ट्रॅक्टरला कुठे असतं रबर?"

बहीण म्हणते, विकून टाक ती गाडी. तिच्याशी बराच वेळ बोलले. कुणाशी तरी बोलावं ना. तिला म्हटलं, "अगं, रोज सकाळी त्याच्या खोलीचं दार उघडताना वाटतं, आज उठलाच नाही तर सुटेल बिचारा. मीही सुटेन." ती म्हणाली, असं बोलू नकोस. म्हटलं, बोलू नको तर काय करू? इथे ऐकायला आहे कोण? एमरी समोरच बसला होता, घास भरवत होते मी त्याला फोन कानाखांद्यात धरून. आज अर्ध्यावर तोंड मिटून घेतलं. हल्ली जेवणाचंही कौतुक करावं लागतं.

१६ एप्रिल, शनिवार

एमरी बोलला! एमरी बोलला!

नवे रबरी बुश मागवलेत. चाकामागे जे लोखंडी हात असतात त्यांच्या सांध्यात ते बसतात, झिजले की गाडी रडते. ते येईपर्यंत एक बाजू खोलून जुने कसे दिसतात ते पाहावं, असं ऑर्विलच्या मनात आलं. जॅक लावला, पुढची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवून ठेवली, चाक काढलं. मी एमरीला ब्लँकेटात गुंडाळून गॅरेजात आणून बसवलं होतं. जुने बुश चिंध्या झालेले. ऑर्विलने सगळं होतं तसं परत लावलं, नट आवळायला घेतले, आणि मागून आवाज आला, "खाली."

ऑर्विलच्या हातून पाना पडला. मी वळून बघते तर एमरीचे ओठ हलतायत. पुन्हा, "खाली." सहा महिन्यांत पहिला शब्द! मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मुके घेतले, ऑर्विलसमोर. म्हटलं, आडवं व्हायचंय का राजा? थंडी वाजतेय? लगेच आत नेलं, पलंगावर निजवलं. तो उठायला बघत होता. मी दाबून झोपवलं.

डीनला कळवलं. तो म्हणाला, "बरं झालं." थेरपीवाली म्हणाली, अशा लोकांची कधीकधी एकाच शब्दावर सुई अडकते. अर्थ असेलच असं नाही, फार आशा धरू नका. तिच्या तोंडात साखर पडो असं म्हणण्याजोगं ही पोरगी आजवर कधी बोललेली नाही.

२४ एप्रिल, रविवार, ईस्टर

डीन आला होता. मी हॅम केलं, बटाटे केले. जेवणं झाल्यावर तिथेच टेबलाशी बसून होमचं सगळं बोलणं झालं. डीन म्हणाला, "आई, तू अजून बाबांना शोधतेयस. बाबा नाहीत आता. हे राहिलंय ते... तुला कळतंय ना? तू स्वतःला मारून घेशील या भानगडीत." त्याचेही डोळे भरले होते. मी म्हटलं, "कळतंय रे. मलाही तेच वाटतं. मी फक्त देह सांभाळतेय."

एमरी आमच्या दोघांच्या मधे. मान खाली. मी त्याच्या हनुवटीवरचं पुसलं.

निघताना डीनने बापाच्या डोक्यावरून हात फिरवला. एमरीने त्याची बाही पकडली आणि सोडेना. शेवटी बोटं एकेक करून मी सोडवली. पकड अजून लोहाराची आहे.

३० एप्रिल, शनिवार

हरले मी.

नवे बुश घातले, दोन्ही बाजूंना. दिवस गेला. जुने काढताना ऑर्विलच्या शिव्या ऐकून पलीकडच्या गल्लीतल्या पाद्र्याने खिडकी लावून घेतली असेल. मी स्वतः शिकंज्यात धरून नवे दाबून बसवले, एमरीच्याच शिकंज्यात. ऑर्विल म्हणाला, आता कचकचून आवळतो, पुन्हा दहा वर्षं बघायला नको. पान्याला नळी जोडून पूर्ण वजन टाकत होता.

आणि एमरीचं सुरू. "खाली. खाली. खाली." खुर्चीचा हात बडवतोय, तोंड लालभडक. मी तीनदा त्याला आत नेलं, तीनदा आतून ओरडला, तीनदा बाहेर आणलं. ऑर्विल म्हणाला, "बाईसाहेब, त्याला टीव्ही लावून द्या, माझं लक्ष जातंय."

संध्याकाळी चाकं लावली, गाडी जमिनीवर घेतली. नाक वर करून उभी राहिली, शिष्टासारखी. गल्लीच्या टोकापर्यंत नेली. आवाज? पूर्वी कुरकुरत होती, आता किंचाळते. पहिल्याच खड्ड्यात. मी तिथेच गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. नवं सामान, दोन माणसांची हाडं, आणि हे फळ. माझ्या हातून एकही गोष्ट धड होत नाही. त्याचं अंग नाही सुधारता येत, त्याची गाडीसुद्धा नाही.

१ मे, रविवार

आज वाईट वागले.

ऑर्विल सकाळी डोकं खाजवत आला. म्हणाला, एखादा नट ढिला असेल. पुन्हा गाडी उचलली, पुन्हा आवळायला घेतली, पुन्हा एमरी, "खाली, खाली." माझं डोकं फिरलं. त्याच्या खुर्चीसमोर उभी राहून ओरडले, "काय खाली? कुठे खाली? जमिनीखाली जायचंय का तुला? मला तरी कुठे जगायचंय!"

तो ढसाढसा रडला. ऑर्विल पाना ठेवून घरी गेला.

तेच असणार. त्याला जायचं आहे. एवढ्या दिवसांत एक शब्द सापडला आणि तो हा. मीच मठ्ठ, ब्लँकेट गुंडाळत बसले.

३ मे, मंगळवार

होममधून फोन. सोळा तारखेपासून जागा आहे. डीन म्हणाला, होय म्हण आई, पुन्हा वर्षभर मिळणार नाही. होय म्हटलं. फोन ठेवला आणि भांडी घासली. एमरी बघत होता. त्याला काही सांगितलं नाही, उगाच काय.

७ मे, शनिवार

हाताचं ग्रीस अजून निघालं नाही, तरी लिहिते.

ऑर्विल दुपारी आला. माझ्याशी नीट बोलत नव्हता, पण आला. म्हणाला, रबर वेडंवाकडं बसलं असेल, सगळं सैल करून पुन्हा बघतो. दोन्ही बाजूंचे नट सैल केले आणि त्याच्या कंबरेत उसण भरली. कसाबसा उभा राहिला. म्हणाला, "लोरेटा, माफ कर. माझ्याच्याने नाही आता." जॅक त्याचा, तो त्याला हवा होता. मग चाकं चढवली, चाकांखाली लाकडाचे जाड ठोकळे सरकवले, गाडी त्यांच्यावर उतरवली आणि जॅक ओढत गेला. मी उलट्या बादलीवर बसून राहिले. म्हटलं, झालं. सोळा तारखेला पांढऱ्या व्हॅनमधून जाईल तो, आणि ही गाडी इथेच अशी राहील.

खुर्ची कुरकुरली. बघते तर एमरी डाव्या पायाने फरशी रेटत चाललाय. हत्यारांच्या कपाटापाशी गेला. डाव्या हाताने चाचपलं, एक पाना खाली पाडला, दुसरा घेतला. तसाच रेटत माझ्याकडे आला आणि तो पाना माझ्या मांडीवर टाकला. गाडीच्या चाकाकडे बोट केलं. टेकलेल्या चाकाकडे.

"खाली," म्हणाला. मग किती वेळ त्याचे ओठ नुसते जुळवाजुळव करत होते. मी या वेळी काही म्हटलं नाही, हलले नाही. मग आलं. "आता."

मी त्या गाडीखाली पाठीवर सरपटत गेले, हर्निया गेला खड्ड्यात. एकेक नट आवळला. जास्त आवळायला लागले की खुर्चीवर टक् करून बोट वाजायचं. मी थांबायचे.

ठोकळ्यांवरून गाडी उतरवली. गल्लीत नेली, खड्ड्यात घातली, मुद्दाम पुन्हा घातली. हूं नाही की चूं नाही.

ऑर्विलकडे पळत गेले. तो शेकायची पिशवी लावून पडला होता. ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! चाकं लोंबकळत असताना आवळलं आपण! रबर तिथेच जखडतं गं. मग गाडी वजनाने बसली की ते पिळलेलंच राहतं, मग ओरडेल नाही तर काय? आधी गाडी खाली घ्यायची, आणि मग..." तो थांबला. "पहिल्या दिवसापासून सांगत होता तो," ऑर्विल म्हणाला.

त्याला कळतं! माझ्या एमरीला सगळं कळतं!

८ मे, रविवार

सगळं कळतं.

सकाळी अंडी फेटता फेटता हात थांबला. सगळं म्हणजे सगळं. ईस्टरला टेबलावर बोललो ते. बाबा नाहीत आता. मी फक्त देह सांभाळतेय. बहिणीला फोनवर म्हटलं ते, त्याच्या तोंडात घास घालताना. म्हणून मिटलं होतं त्याने तोंड. म्हणून धरली होती बाही. आणि गेल्या रविवारी त्याच्या तोंडावर ओरडले ते, तो बिचारा मला नट कसा आवळायचा ते शिकवत असताना.

मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. तो माझ्याकडे बघत होता. नेहमी असाच बघतो. मी आजवर त्याला नुसती नजर समजत होते.

मदर्स डेचा डीनचा फोन आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, एक शब्द बोलले ना ते?" "दोन," मी म्हटलं. "बरं, दोन. पण तू त्यांना उचलू शकतेस का? सांग मला. काल गाडीखाली गेलीस, आज कशी आहेस?"

आज मला सरळ उभं राहता येत नाहीये. हे त्याला सांगितलं नाही, पण तो ओळखतो. पोट सुजलंय. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, आता उचलाउचल केलीत तर थेट ऑपरेशन. मग एमरीला कोण बघणार? डीनच्या घराला तीन जिने आहेत. ऑर्विल स्वतःच आडवा. दिवसभर हाच हिशोब उलटसुलट मांडतेय आणि उत्तर तेच येतंय. काही न कळणाऱ्या माणसाला पाठवत होते तेव्हा निदान झोप तरी लागत होती.

१५ मे, रविवार

गेलो.

डीन आला होता. त्याने आणि चर्चमधल्या दोन दांडग्या पोरांनी एमरीला उचलून त्या बुटक्या सीटवर बसवलं. डीन सारखा म्हणत होता, "बाबा, पाय घेतो हं. बाबा, डोकं सांभाळा." पहिल्यांदाच बोलत होता त्याच्याशी. एमरी त्याच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसला, तर पोरगा गॅरेजामागे जाऊन रडून आला.

छत उघडं ठेवलं. सरोवराकाठच्या रस्त्याने सावकाश गेले. सफरचंदाला फुलं आलीत. गाडीचा एक आवाज नाही, नुसतं इंजिन आणि वारा. एमरीने डावा हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर ठेवला होता, लोक कुत्र्याच्या पाठीवर ठेवतात तसा. खड्डा आला की मान कलती करून ऐकायचा. मला वाटलं इथेच, अशीच पेट्रोल संपेपर्यंत चालवत राहावी.

धक्क्याजवळ गाडी थांबवली. त्याला म्हटलं, "एमरी, मी बोलले ते सगळं तू ऐकलंस. मला तोंड नाही. पण एक गोष्ट मी तुला विचारलीच नाही, ती विचारते. उद्या त्या होममध्ये जायचंय. तुला जायचंय का?"

थांबले. घाई केली नाही. त्याचे ओठ हलत राहिले, गळ्याची शीर ताठ झाली, कपाळावर घाम आला. पाण्यावर गल पक्षी ओरडत होते. मग आलं, अगदी स्वच्छ.

"नाही."

मी गाडी सुरू केली आणि त्याला घरी आणलं. रात्री त्याचे कपडे भरले.

१६ मे, सोमवार

सोडून आले.

खोली बरी आहे. खिडकीतून गाड्या उभ्या असतात ती जागा दिसते. मी मुद्दाम हिरवी गाडी तिथे नेऊन लावली आणि त्याला खिडकीशी बसवलं. तो भिंतीकडे बघत होता.

ढकलगाडी घेऊन नर्स आली. चांगली बाई आहे, हसरी. कॉफी ओतता ओतता त्याच्या डोक्यावरून मला विचारलं, "हे कशी घेतात? दूध, साखर?"

"मला नका विचारू," मी म्हटलं. "त्यांनाच विचारा. त्यांना सगळं कळतं. वेळ लागतो, पण सांगतात ते."

बाईने मान डोलावली. खाली वाकली, आणि खरंच नीट विचारलं, "मिस्टर साबो, कॉफी कशी देऊ तुम्हाला?" आणि थांबली. मी तिच्याकडून एवढी अपेक्षा केली नव्हती. पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारत होतं, तरी ती थांबली.

एमरीने भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले नाहीत. त्याने प्रयत्नही केला नाही. काल विचारलं तेव्हा त्याने उत्तर दिलं होतं.

बाई किटली धरून उभी होती. मग मीच सांगितलं, काळी, साखर नको.